नळीवरची पट्टी

नळी जिथं फुटली होती तिथं रबराच्या आतली तारेची जाळी उसवून बाहेर आली होती, केसासारखी बारीक. गहिनीनाथनं अंगठा फिरवला तर एक तार टचकन टोचली. त्यानं अंगठा तोंडात घातला — जळक्या तेलाची कडू चव — आणि मग तो उगाच उठला, आवारात चार पावलं चालला, परत येऊन बसला.

तलवाड्याच्या सोसायटीचं हे लाकूड फोडायचं जुनं यंत्र दोन महिने बंद होतं. सलग दुसऱ्या वर्षी पाऊस हुकला तेव्हा मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. लोक झाडं तोडून इथं आणू लागले. आप्पाराव यंत्र चालवायचा, गहिनीनाथ दुरुस्ती बघायचा. मग एका सकाळी नळी फुटली आणि गरम तेलाची चिळकांडी आप्पारावच्या उजव्या डोळ्यात गेली. डोळा गेला तो गेलाच.

यंत्र जुनं होतं, असं सगळे म्हणाले. गहिनीनाथही म्हणाला. पण नळीवरचा फुगवटा त्यानं चार दिवस आधी पाहिला होता, बोटानं दाबूनही पाहिला होता... आणि नव्या नळीसाठी बीडला आता कोण जाणार, ही आठवडाभर टिकेल, म्हणून सायकलच्या ट्यूबची पट्टी वरून गुंडाळून दिली होती. मला दिसलं होतं. मी गुंडाळली. एवढी दोनच वाक्यं, पण दवाखान्यात आप्पारावच्या उशाशी बसूनही ती त्याच्या तोंडून निघाली नव्हती.

त्यानं यंत्राचा दांडा पुढं-मागं ओढून आत कोंडलेला दाब सोडला, खाली घमेलं सरकवलं, दोन पाने लावून जोड सैल केला. काळं तेल पडत राहिलं. बीडहून करून आणलेली नवी नळी त्यानं पीळ न पडू देता बसवली, नट आवळला — मन भरेना, पुन्हा सोडला, पुन्हा आवळला.

"झालं का बे?"

आप्पाराव फाटकातून येत होता. काळा चष्मा, मान जरा उजवीकडे वळवलेली. आता त्याला तसंच बघावं लागे.

"सोमवारपासून मीच उभा राहतो यंत्रावर," तो ओंडक्यावर टेकत म्हणाला. "रतन नको म्हनती. बायकोच ती, भेनारच. म्या सांगितलं, नळी गहिनीनं बसवली हाय, मला काय भ्या न्हाई."

गहिनीनाथच्या हातातला पाना तसाच राहिला.

"आप्पाराव, जुनी नळी फुगल्याली मला आदीच दिसलती. पट्टी मीच गुंडाळली."

आप्पारावनं खिशातून तंबाखूची पुडी काढली.

"मग मी काय तवा आंधळा होतो?" तो शांतपणे म्हणाला. "पट्टी मला बी दिसत होती. कावून गुंडाळली, ते म्या बी इचारलं न्हाई. लोकं लाकडं घिऊन खोळंबली होती."

"आन् दोन महिने बोलला न्हाईस?"

"तू बोललास का?"

शिव्या येतील, गचांडी धरेल, निदान उठून जाईल — गहिनीनाथनं या सगळ्याची तयारी केली होती, रोज केली होती. हे त्यात नव्हतं. आता हलकं वाटायला हवं, असं तो स्वतःला सांगत राहिला, पण वाटलं नाही. उलट आप्पारावचाच राग येऊ लागला — माहीत असून हा माणूस दवाखान्यात आपल्या हातून चहा पीत होता, आपली झोप उडालेली बघत होता... की बघत नव्हता? की पट्टी बघूनही यंत्र चालवलं म्हणून आपण त्यालाच दोष देऊ, असा त्यालाही धाक होता? शेजारी आप्पाराव निवांत तंबाखू मळत होता, आणि इतक्या वर्षांच्या या ओळखीच्या माणसाकडे नेमकं कसं बघावं, हे गहिनीनाथला पहिल्यांदाच कळेनासं झालं.