एकोणीस होकार

स्वल्पविरामाने आयुष्यात एकाच पत्राला उत्तर दिलं नव्हतं, आणि नेमकं तेच उत्तर देण्याजोगं होतं. आठ महिन्यांपूर्वी आलेलं, थोरल्या बहिणीचं. "मागची खोली रिकामी आहे. तूही एकटा, मीही एकटी. पुस्तकांसकट राहायला येतोस का? निबंध नको. हो किंवा नाही, एवढंच लिही."

छापखान्यात चाळीस वर्षं मुद्रितं तपासणाऱ्या या माणसाला सहकाऱ्यांनी हे नाव ठेवलं होतं, कारण तो प्रत्येक गोष्टीपाशी जरा थांबायचा. या पत्रापाशी तो पारच थांबला. जायची इच्छा पहिल्या दिवसापासून होती. पण 'हो' लिहिलं की ते हावरटासारखं दिसे, आणि 'नाही' हे खोटं. आपल्या खोकल्याने ताईची झोप मोडेल, असं वाटे. ताईला मुळी ऐकूच येत नाही हे आठवलं की तो पुस्तकांच्या धुळीची काळजी करायला घेई.

मन खाऊ लागलं तेव्हा त्याने एक नियम केला: यापुढे येणाऱ्या प्रत्येक निरोपाला त्याच दिवशी उत्तर. त्याच सुमारास त्याने मोबाइल घेतला.

तोही ताईसाठीच. तिला ऐकू येत नसलं तरी समोरच्याचे ओठ दिसले की सगळं कळायचं, नको ते जरा जास्तच. दर गुरुवारी संध्याकाळी पाचला ती शेजारच्या शिंपिणीच्या फोनवरून व्हिडिओ कॉल करी. तब्येतीची चौकशी आणि शेजाऱ्यांची उणीदुणी झाली की चष्मा सारखा करून म्हणे, "बरं, त्या पत्राचं..." आणि चित्र गोठे. ताईचं तोंड उघडं, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि खाली कंपनीचा निरोप: प्रिय ग्राहक, आपला आजचा डेटा संपला आहे.

खरं सांगायचं तर पहिले दोन-तीन गुरुवार स्वल्पविरामाला हायसं वाटलं. सहाव्या गुरुवारी मात्र ताईने सुरुवातच तिथून केली.

"तू मुद्दाम फोन तोडतोस, कळतं मला. ही शिंपीण खोली मागतेय, मशिनं ठेवायला. एक तारखेपर्यंत तुझं उत्तर नाही आलं, तर देऊन टाकते."

तिच्या पाठीमागे शिंपीण टेप घेऊन खोलीचं माप काढत होती, जणू खोलीला ब्लाउज शिवायचा आहे. स्वल्पविरामाने बोलायला तोंड उघडलं आणि चित्र गोठलं. या खेपेला उघडं राहिलेलं तोंड त्याचं होतं.

त्याने मदत केंद्राला फोन लावला. यंत्राने नऊ पर्याय वाचून दाखवले. मध्येच बटण दाबणं म्हणजे समोरच्याचं बोलणं तोडणं, म्हणून तो शेवटपर्यंत थांबला. तेव्हा वेळ संपल्याचं सांगून यंत्रानेच फोन ठेवला. तरी त्याने आभार मानले.

मग तो कंपनीच्या दुकानात गेला. भिंतीवरच्या चित्रात एक कुटुंब फोनकडे बघून खिदळत होतं आणि त्याखालच्या बाकावर ग्राहक दातओठ खात बसले होते. तासाभराने त्याचा नंबर लागला. खिडकीवरच्या बाईंनी पडद्यावर पाहिलं, मग त्याच्याकडे, मग पुन्हा पडद्यावर.

"काका, तुम्ही एकोणीस सेवा घेतल्यात. वजन घटवा, केस वाढवा, रोजचं भविष्य, नवविवाहितांसाठी सल्ला... पहाटे या सगळ्यांचे व्हिडिओ तुमच्या फोनमध्ये आपोआप उतरतात. संध्याकाळपर्यंत डेटा उरणार कुठून?"

काठीसारखा बारीक, टकला आणि अविवाहित स्वल्पविराम म्हणाला, "मी कधी मागितल्या?"

"आम्ही विचारलं, तुम्ही 'हो' कळवलंत. इथे तर चक्क 'हो, अवश्य, आपला आभारी' असं लिहिलंय."

"इतक्या अगत्याने कुणी विचारलं तर उत्तर नको द्यायला?"

बाईंनी खुर्ची पडद्यापासून मागे सरकवली. "बारा वर्षं या खिडकीत बसतेय, काका. कंपनीला लोक शिव्या देतात. उत्तर देणारे तुम्ही पहिलेच."

बंद करायचं तर प्रत्येक सेवेला वेगळं कळवायचं, मग 'नक्की ना?' अशी विचारणा येणार, तिलाही उत्तर द्यायचं. दहा-बारा दिवस धराच, असं त्यांनी सांगितलं. एक तारीख पाच दिवसांवर होती. जादा डेटाचा पॅक घेतला तर लगेच काम होईल, आणि त्याबरोबर विसावी सेवा फुकट.

स्वल्पविराम एकोणीस सेवांची छापील यादी घेऊन बाहेर आला आणि सवयीने खिशातलं लाल पेन काढून पायरीवर बसला. दुरुस्त करण्यासारखं काही सापडेना. केसांना हो, वजनाला हो, नवविवाहितांना हो, सगळे त्याच दिवशी आणि एकही कच्चा मसुदा न करता. ताईसाठी मात्र चौदा मसुदे करून फाडले होते. शिंपिणीच्या फोनवर उत्तर पाठवण्यात अर्थ नव्हता. ते आधी तीच वाचणार आणि सोयीने विसरणार.

तो समोरच्या टपाल कचेरीत गेला, कार्ड घेतलं आणि उभ्यानेच त्या लाल पेनाने लिहिलं: "हो. पुस्तकं सातशे आहेत. शिंपिणीला माप थांबवायला सांग."

टपालपेटीपाशी खिशात फोन किणकिणला. आमच्या सेवेवर समाधानी आहात का, असं काहीतरी असणार. त्याचा हात सवयीने खिशाकडे वळला आणि अर्ध्यावरूनच परत आला. बघू दे वाट.

कार्ड पेटीत पडल्यावर त्याला शंका आली, पत्ता बरोबर लिहिला ना? पण तोवर उशीर झाला होता.