जिनिव्हाची बोलणी

कळमेश्वरच्या एमआयडीसीतला तो कारखाना पूर्वी ट्रकचे सुटे भाग बनवायचा. दूर देशात लढाई पेटली आणि तिथे तोफगोळ्यांची रिकामी कवचं बनू लागली. दारू दुसरीकडे कुठेतरी भरली जाई. इथे फक्त पोलाद कापणं, घासणं आणि तपासणं. तपासणीच्या टेबलावर माया रामटेके बसायची. रोलरवरून कवच समोर आलं की त्यावर मापाचं कडं चढवून बघायचं, आतून बॅटरी मारायची, ठीक असेल तर शिक्का, नसेल तर लाल खडूची फुली. तिचा धाकटा भाऊ अंकुश त्याच शेडमध्ये लेथवर होता. त्याला तिथे तिनेच चिकटवलं होतं. आई गेली तेव्हा अंकुश सहा वर्षांचा होता आणि माया एकोणीस. त्याला वाढवता वाढवता तिचं लग्न राहून गेलं, आणि त्याबद्दल घरात कुणी कधी बोललं नाही.

घर शहरात, इंदोऱ्याच्या वस्तीत. वडील बळीराम गिरणीतून निवृत्त झालेले. छप्पन साली ते तीन वर्षांचे होते. त्यांच्या वडिलांनी त्यांना खांद्यावर बसवून दीक्षेला नेलं होतं. त्यांना त्यातलं काही आठवत नव्हतं, पण ते त्या खांद्यावरूनच जग बघत असल्यासारखे जगले. रोज सकाळी वंदना, मग पेपर पहिल्या पानापासून. कारखान्यात गोळे बनू लागल्याचं कळलं तेव्हा त्यांनी मायाला एकदाच विचारलं होतं.

"हे कोणाच्या डोक्यावर पडते मंग?"

"मले काय माहीत, बाबा. पेटीवर नुसते नंबर राह्यते."

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. डबा मात्र तेव्हापासून तिचा तिने भरायचा, असं झालं. आधी ते भरून देत असत.

दोन महासत्तांची जिनिव्हात बोलणी सुरू झाली तशी शेडमधली माणसं एकमेकांना बातम्या विचारू लागली. लढणारे दोन्ही देश या दोघांच्या जिवावर लढत होते, त्यामुळे यांचं जमलं तर लढाई थांबणार हे उघड होतं. लढाई थांबली तर आपलं काय, हेही उघड होतं, पण ते मोठ्याने कुणी म्हणत नव्हतं. बोलणी अडली असं ऐकलं की त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत हसणं-खिदळणं जास्त असायचं.

त्या पौर्णिमेला विहारात युद्ध थांबावं म्हणून मैत्रीभावना ठेवली होती. बळीराम पहिल्या रांगेत बसले. माया मागे, गल्लीतल्या पुष्पलता काकूंच्या शेजारी. सगळ्यांनी डोळे मिटले. भन्तेजी सावकाश म्हणत होते की जवळचे, दूरचे, दिसणारे, न दिसणारे सगळे सुखी होवोत. मायाने डोळे मिटले आणि तिच्या मनात स्वच्छ शब्दांत आलं, की ही बोलणी फिसकटू देत. तिला स्वतःचीच किळस आली. तिने तो विचार ढकलला. तो परत आला. उठताना काकूंनी विचारलं की चेहरा असा का उतरला, तर ती उपास आहे म्हणाली.

बोलणी फिसकटली नाहीत. युद्धबंदी झाली. दोन्ही महासत्तांनी संरक्षणावरचा खर्च दोन वर्षांत पुष्कळ खाली आणायचं जाहीर केलं. बळीराम त्या दिवशी गल्लीत घरोघरी सांगत फिरले आणि संध्याकाळी दोन पोळ्या जास्त जेवले. अंकुशही त्यांच्याबरोबर हसत होता.

तिसऱ्या आठवड्यात सुपरवायझर रुपराव यांनी मायाला केबिनमध्ये बोलावलं. ऑर्डर रद्द झाली होती. शेडमध्ये फक्त नऊ माणसं ठेवायची होती, पडलेल्या मालाला तेल लावून तो सांभाळायला. रुपराव माणूस वाईट नव्हता. त्यांनी समोर यादी ठेवली.

"एका घरातून एकच ठेवता येते. तू का अंकुश, तूच सांग."

माया काहीच बोलली नाही. अंकुश तरणा आहे, हातात हुन्नर आहे, त्याला कुठेही मिळेल, असं तिच्या मनात आलं. आपल्याला या वयात कोण ठेवणार, असंही आलं. रुपराव बराच वेळ थांबले. मग त्यांनी तिच्या नावापुढे खूण केली. घरी तिने सांगितलं की यादी वरूनच आली. अंकुश म्हणाला, बरं झालं ताई, तुझं राह्यलं तर घर चालते.

त्याने चार महिने काम शोधलं. मिहानच्या औद्योगिक पट्ट्यात कंत्राटदाराने महिनाभर ठेवून सोडलं. कळमन्याच्या बाजारात संत्र्याच्या पेट्या मोजायला बसला, हंगामाबरोबर तेही संपलं. मग सदर भागात ऑफिस असलेल्या बंटी नावाच्या एजंटने त्याला गोदामातली नोकरी दाखवली, युद्धबंदी झालेल्या त्या दोन देशांपैकी एकात. आता तिकडे सगळं नव्याने बांधणं चालू आहे, माणसं कमी आहेत, असं बंटी म्हणाला. बळीरामांना ते पटलं. मोडलेलं उभं करायला पोरगा चालला, यात वाईट काय, असं ते विहारात सांगत होते. मायाला जाऊ नको म्हणायचं होतं. पण तसं म्हणायचा हक्क आपण त्या केबिनमध्ये गमावला, असं तिला वाटलं, आणि तिने त्याच्यासाठी दोन स्वेटर घेतले.

अंकुश गेला आणि सातव्या आठवड्यात युद्धबंदी मोडली. का मोडली याची दोन्ही बाजूंची कारणं पेपरात आली. महासत्तांनी खर्चकपात बाजूला ठेवली आणि एकमेकांचे राजदूत हाकलले.

अंकुशचा व्हिडिओ कॉल एका दुपारी आला. माया बसमधून उतरत होती. त्याच्या अंगावर हिरवट जाड कोट होता आणि दाढी वाढली होती.

"ताई, हे गोदाम नाही वं," तो म्हणाला. "कागदावर सही घेतली, मले त्यांची भाषा येते का? आता खंदक खोदून राहिलो. काल बंदूक देली."

तिने त्याला गाव विचारलं, कॅम्पचं नाव विचारलं. त्याला सांगता येईना. बाबांना सांगू नको, म्हणाला. मग म्हणाला, "माणूस खोदते तवा वरून गोळ्याचा आवाज येते. आवाज आला का पडून जाचं. बस, एवढंच शिकोलं." मागून कुणीतरी ओरडलं आणि कॉल कटला. त्यानंतर फोन लागला नाही.

बळीरामांना तिने त्याच दिवशी सांगितलं. ते दोघे बंटीच्या ऑफिसात गेले तर शटर पाडलेलं होतं. पोलिसांनी तक्रार लिहून घेतली. दिल्लीत परराष्ट्र खात्याच्या मदत क्रमांकावर नूपुर नावाची एक मुलगी बोलायची. ती दर वेळी नीट ऐकून घेई, नाव पुन्हा लिहून घेई, आणि तिकडून उत्तर आलं नाही असं सांगे. पुढे पुढे तिचाच आवाज अवघडल्यासारखा येऊ लागला, म्हणून माया फोन कमी करू लागली.

कारखाना पुन्हा पूर्ण सुरू झाला, तीन पाळ्यांत. सगळ्यांना परत बोलावलं. बोलावण्याच्या यादीत अंकुशचंही नाव होतं. माया दोन दिवस गेली नाही. तिसऱ्या दिवशी गेली, कारण दुसरं काही सुचलं नाही. तिने रुपरावांना विचारलं की माल नेमका कोणाकडे जातो. ते म्हणाले, घेणारा तिसराच देश आहे, तो पुढे कोणाला देतो ते मालकालाही सांगत नाहीत.

त्या दिवशी तिने चांगल्या कवचांवर लाल फुल्या मारल्या. कडं बरोबर बसत होतं, आत ओरखडा नव्हता, तरी फुली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत अख्खी रांग बाजूला पडली. रुपराव आले, त्यांनी स्वतः कडं घेऊन एकेक तपासलं, ओल्या फडक्याने फुल्या पुसल्या आणि शिक्के मारले. हे करताना ते तिच्याकडे बघत नव्हते. शेवटी म्हणाले, "माया, तू नाही केलं तर उद्या इथं दुसरी बसंल. मी कोणाले सांगत नाही. पण असं करू नको."

तिने पुन्हा तसं केलं नाही.

घरी आल्यावर तिने बळीरामांना केबिनमधली गोष्ट सांगितली. दोघांतून एक निवडायचा होता आणि आपण गप्प बसलो, हे सगळं. ते भिंतीला टेकून ऐकत राहिले. ती रडली नाही. त्यांनी विचारलं, "अंकुशले माहीत होतं?"

"नाही."

"मंग ठीक आहे," ते म्हणाले, पण त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. त्यानंतर दोघं एका घरात राहत होते, एवढंच.

पावसाळा संपता संपता दिल्लीहून पत्र आलं. तिकडे काही मृतदेह सापडले होते, ओळख पटवायची होती, जवळच्या नातेवाइकाचं रक्त हवं होतं. माया बळीरामांना ऑटोने सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. त्यांनी सदऱ्याची बाही वर केली आणि शीर लवकर सापडेना म्हणून नर्सने दोनदा सुई टोचली. हे जुळलं नाही तर पोरगा जिवंत आहे असं समजायचं का, असं त्यांनी नर्सला विचारलं. ती म्हणाली, आजोबा, तसं नसतं.

महिन्याने जिनिव्हात पुन्हा बोलणी ठरली. या वेळी ती लढणाऱ्या दोन देशांचीच होती आणि युद्धबंदीचा विषय नव्हता, फक्त एकमेकांकडचे मृतदेह परत करायचे होते; ते मिळेपर्यंत रक्त जुळवून बघता येणार नव्हतं. माया रोज बस येईपर्यंत मोबाइलवर बातम्या बघत उभी राहायची. बोलणी एकदा पुढे ढकलली, मग दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा दोन्ही शिष्टमंडळं पोहोचली आणि कोणी आधी द्यायचे यावरून अडलं. चौथ्या दिवशी शिष्टमंडळं परत गेली. तारीख ठरली नाही.

बळीरामांना तिने हे सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. कारखान्याने त्या आठवड्यापासून रविवारचीही पाळी लावली आणि मायाचं नाव पहिल्याच पाळीत आलं.