मुकुलचं बोट

दोघींची पोरं अडीच वर्षांची आणि दोघांच्याही तोंडी अजून धड एक शब्द नाही. मुलुंडच्या एकाच सोसायटीतल्या अनुपमा आणि श्वेता त्यातूनच जिवलग झालेल्या. एकीनं संकष्टी धरली, तशी दुसरीनंही धरली. "लाजाळू आहेत गं, बोलतील," असं एकमेकींना सांगत वर्ष काढलं. आता मात्र डॉक्टरांनी अनुपमाच्या यज्ञेशची नीट तपासणी करून घ्यायला सांगितली होती. स्वमग्नता तर नाही ना, ते बघायला. तिनं दोनदा तारीख पुढे ढकलली होती.

रथसप्तमीच्या आदल्या दिवशी श्वेताकडे मुकुलचं बोरन्हाण होतं. हलव्याचा मुकुट घालून मुकुलला पाटावर बसवलं, तर एवढ्या बायका बघून तो भोकाड पसरून आईच्या पदराआड घुसला.

"झालं! उत्सवमूर्तीच पळाली," शेजारच्या कुंदाकाकू हसल्या.

अनुपमाला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, चांगलंच बरं वाटलं.

मग चुरमुरे, बोरं, रेवड्या ओतल्या. पोरांची झुंबड उडाली. एक रेवडी घरंगळत टीपॉयखाली गेली. पदराआडून मुकुलनं हळूच तिकडे बोट केलं, वळून आईच्या तोंडाकडे बघितलं, पुन्हा रेवडीकडे. शब्द एकही नाही, तरी सगळं सांगून झालं.

"अगंबाई, दिसली होय माझ्या राजाला!" श्वेता म्हणाली.

ते इवलंसं बोट हिसकावून घ्यावं, असं अनुपमाला वाटलं. उपास तर दोघींनी सारखेच केले होते ना? यज्ञेशला पाणी हवं असलं की तो तिचं मनगट धरून माठापाशी नेई, पण तोंडाकडे कधी बघत नसे. त्यालाच ती आजवर 'दाखवतो' म्हणत आली होती. डॉक्टरांनाही तसंच सांगितलं होतं.

यज्ञेश त्या गोंधळात मधोमध बसून बोरं रांगेत लावत होता. कुणाला भीत नव्हता, कुणापासून लपत नव्हता. तिनं तीनदा हाक मारली, मान वळली नाही. आत कुकरची शिट्टी झाली, तेव्हा मात्र लगेच वळली.

"आपली पोरं ना, अगदी सारखी लाजरी," श्वेता मायेनं म्हणाली.

"तुझा लाजतो," अनुपमा म्हणाली. "माझा नाही लाजत. बघ ना नीट."

श्वेतानं तिचा हात धरला. अनुपमानं तो सोडवून घेतला. त्या मायेचाही राग आला तिला. यज्ञेशला कडेवर घेऊन ती निघाली आणि जिन्यातूनच दवाखान्यात फोन लावला.

"उद्याची वेळ मिळेल का? आणि तो बोटानं दाखवतो, असं मी सांगितलं होतं ना... नाही दाखवत तो."

वरून बायकांच्या हसण्याचा आवाज आला. मुकुल पदराबाहेर आला असणार.