मुलीत काही उणं नाही

चूक खरं तर झरीनचीच होती, पण ते कबूल करायच्या मनःस्थितीत ती नव्हती. रत्नागिरीहून जयगडकडे स्कूटर हाणताना ती गनीचाचांवर चरफडत होती, त्या इंग्लंडमधल्या कॉलेजावर चरफडत होती, आणि रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्यावर वेगळं चरफडत होती.

झरीन बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला. तिकडच्या एमबीएला असा एक प्रकार असतो की शिकत असतानाच अर्ज करायचा, जागा पक्की करून ठेवायची, दोन-तीन वर्षं नोकरी करायची आणि मग जायचं. अर्जासोबत, जिच्या हाताखाली काम केलं त्या व्यक्तीचं शिफारसपत्र लागतं. झरीनने सहा महिने जयगडला गनीचाचांच्या मच्छीमार सोसायटीत काम केलं होतं. चाचा तिथले चेअरमन. होड्यांना बर्फ मिळायचा तो ज्याचा आवाज मोठा त्याला आधी. झरीनने मोबाइलवर नंबर लावायची पद्धत आणली आणि ती चाललीही.

चाचांना हा प्रकार समजावताना तिने डोकं लढवलं. "चाचा, समजा मंगनी आता आणि निकाह तीन वर्षांनी."

"हां, मग तसा सांग ना," चाचा म्हणाले. त्यांना लख्ख समजलं, आणि तिथेच घोटाळा झाला.

कारण मंगनी म्हटल्यावर चौकशी आली, आणि चौकशीला काय सांगायचं हे चाचांना कोणी शिकवायला नको होतं. वाडीतल्या निम्म्या सोयरिकी त्यांच्या शब्दावर जुळलेल्या. ते मराठीत सांगत गेले, शाळेत शिकवणारी त्यांची लेक बिल्किस इंग्रजीत टाइप करत गेली, आणि आज सकाळी पाठवून झाल्यावर त्यांनी मोठ्या कौतुकाने झरीनला शिफारसीच्या फॉर्मचा फोटो धाडला.

फॉर्ममध्ये विचारलं होतं: या उमेदवाराला तिची कोणती चूक तुम्ही दाखवून दिली, आणि तिने ती कशी घेतली? चाचांचं उत्तर होतं: 'मुलीत काही उणं नाही. घराणं तीन पिढ्यांच्या ओळखीचं. आवाज चढवून कधी बोलली नाही. सांदण उत्तम करते.'

झरीनने जन्मात सांदण केलं नव्हतं. वर्षभराची मेहनत, परीक्षेचे मार्क, रात्री जागून दहादा लिहिलेला निबंध, सगळं त्या सांदणात बुडालं असं वाटून तिला रडू फुटलं. कॉलेजला मेल केली तर उत्तर आलं, पत्र बदलायचं असेल तर लिहिणाऱ्याने स्वतः कळवावं. मुदत आज, आपल्या घड्याळाने दुपारी साडेचारपर्यंत.

ती सोसायटीच्या माडीवर पोचली तेव्हा साडेतीन वाजून गेले होते. चाचा पंख्याखाली बसून चहा पीत होते.

"चाचा, त्यांना माझा दोष हवाय. खराखुरा. तो नसला तर त्यांना पत्र खोटं वाटतं."

"अगो, परक्यांनी पोरीचा उणा विचारला तर सांगतात काय? आपलीच अब्रू घालवायची?"

"हे स्थळ नाही, चाचा!"

"तूच म्हणालीस ना मंगनी म्हणून."

तिला आणखीच संताप आला. "बरं, माझं चुकलं. पण आता सांगा. एक तरी चूक सांगा. सहा महिन्यांत माझं काहीच चुकलं नाही?"

चाचांनी कप खाली ठेवला. मग अगदी हळू म्हणाले, "भागोजीला सगळ्यांसमोर बोललीस ती."

भागोजी म्हणजे खाली बर्फ फोडणारा म्हातारा. एकदा त्याने नंबर सोडून एका होडीला बर्फ दिला होता, आणि झरीनने त्याला होड्या चालवणाऱ्या चार तांडेलांदेखत झापलं होतं. तिला ते आठवलं. त्यात विशेष काही आहे असं तिला वाटलं नव्हतं.

"दुसऱ्या दिवसापासून तो आला नाय. आठ दिवस."

"आजारी होता ना?"

"तुला तसा सांगितला मी. त्याच्या गावाला गेलो. तुझ्या नावानं माफी मागितली. तो परत नसता आला तर खलाशांनी तुझी ती नंबराची पद्धत पाण्यात टाकली असती. तो आला, म्हणून ते गप राहिले."

"मग मला का नाही बोललात?"

"तू कधी विचारलास?" चाचांनी मोबाइल पुढे ओढला. "बोलावतो बिल्किसला. ह्याच लिवू?"

हेच तर हवं होतं. यापेक्षा चांगलं उत्तर त्या फॉर्मला मिळालं नसतं. पण झरीनच्या बॅगेत लॅपटॉप होता, लॅपटॉपमध्ये अजून न पाठवलेला निबंध, आणि निबंधाच्या मधोमध तिने लिहिलं होतं की कोणाचंही मन न दुखावता, एकेकाला विश्वासात घेऊन मी ही पद्धत रुजवली. सगळा निबंध त्या एका वाक्यावर उभा होता. ते काढलं तर उरायचं काय, आणि पाऊण तासात नवं लिहायचं काय? तिला स्वतःचीच लाज वाटली, आणि लाज वाटूनही ती हिशेब करतच राहिली.

"राहू दे चाचा," ती म्हणाली. "पहिलं लिहिलंत तेच बरं आहे."

"मी तेच म्हणत होतो," चाचा म्हणाले. त्यांच्या मनावरचं ओझं उतरलेलं दिसलं. त्यांनी तिच्यासाठी चहा मागवला.

झरीनने तिथेच बसून एकही शब्द न बदलता निबंध पाठवला. अर्ज पोचल्याची मेल आली तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती. जिना उतरल्यावर डाव्या हाताला बर्फाची शेड होती. आतून बर्फ फोडल्याचा आवाज येत होता, आणि रत्नागिरीचा रस्ता त्या शेडसमोरूनच जात होता. झरीनने स्कूटर उजवीकडे घातली. त्या बाजूने घर बरंच लांब पडतं.