उजेडातला तांबडा रंग

मेधा देवतळे मूळची चंद्रपूरची. रसायनशास्त्रात पीएच.डी. करून २००४ साली ती पुण्याजवळच्या नेऱ्यात नोकरीला आली, तेव्हा घरच्यांनी धरूनच चाललं होतं की हिंजवडीच्या बाजूला नोकरी म्हणजे कॉम्प्युटरचीच असणार. "नाही हो बाबा, मी पूड बनवते," असं ती फोनवर सांगायची.

पण काम खरोखर पूड बनवण्याचंच होतं. एलईडी दिवे बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीची प्रयोगशाळा नेऱ्यातल्या शेतांच्या कडेला, पत्र्याच्या लांबट शेडमध्ये होती. पांढऱ्या एलईडीच्या आत जो बारीकसा तुकडा पेटतो, त्याचा उजेड खरं तर निळा असतो. त्यावर पिवळी पूड बसवलेली असते. ती थोडा निळा उजेड पिते, त्याचा पिवळा करून बाहेर टाकते, आणि दोन्ही मिसळले की डोळ्यांना पांढरं दिसतं. ही पूड आणखी चांगली कशी होईल, जास्त दिवस कशी टिकेल, हे बघणं मेधाचं काम.

त्या काळात गावोगाव दहा-बारा तास वीज जायची. २००५ च्या पावसाळ्याआधी कंपनीने उन्हावर भरणाऱ्या बॅटरीचे काही दिवे मुळशी भागात वापरून बघायला दिले. कंपनीची जीप चालवणारा जयवंत ओव्हाळ मुळशीतल्याच माले गावचा. एक दिवा त्यानेही घरी नेला. ऑगस्टमध्ये एका सकाळी तो दिवा कापडात गुंडाळून परत घेऊन आला.

"आईनं धाडलाय माघारी, मॅडम."

"बंद पडला?"

"न्हाई, चांगला चालतोय. पर ती म्हनली, हे ज्यानं बनवलंय त्याला घेऊन ये. मला बोलायचंय त्याच्याशी."

मेधाचे वरिष्ठ चंद्रकांत सर हसले. म्हणाले, "जा. तक्रार करायला एवढ्या लांबून बोलावणारं गिऱ्हाईक भाग्यानेच मिळतं."

रविवारी मेधा जयवंतबरोबर माल्याला गेली. पौड मागे टाकलं आणि दोन्ही बाजूंना भातखाचरं लागली. जयवंतचं घर दोन खोल्यांचं, आतल्या खोलीला एकच लहानशी खिडकी. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती. तिच्याखाली आक्काबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. पन्नाशी उलटलेली, काटक, आवाज खणखणीत. गेली पंचवीस वर्षं त्या पंचक्रोशीत दाई होत्या. पौडच्या सरकारी दवाखान्यात रीतसर शिक्षणही घेतलेलं होतं.

"तुमी बनवला व्हय ह्यो दिवा?" त्यांनी मेधाला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "दिसायला तर शिकल्यासवरल्या दिसतायसा."

मेधा मान डोलावून त्यांच्यासमोर बसली.

"माझं ऐका. मागल्या म्हयन्यात शेजारची बाई मोकळी झाली. दुपारचीच येळ, पर पावसानं घरात काळोख. तुमचा दिवा लावला. पोर बाहेर आलं, रडलं, सगळं बेस झालं. आन मी त्याच्या तोंडाकडं बगते तर व्हट निळं! अंग पांढरंफटक! माझं काळीज हाललं. उचललं तसंच आन दारात पळाले. भाईर बगते तर पोर गुलाबासारखं लालबुंद." त्यांनी सूप बाजूला सारलं. "तुमच्या उजेडात जितं पोर मेल्यावानी दिसतं. माझी चिमनी बरी."

पिवळ्या पुडीच्या उजेडात तांबडा रंग जवळजवळ नसतोच, हे तिला पाठ होतं. आलेखावर ती उतरती रेघ तिने शंभर वेळा पाहिली होती. तिथे तांबडं कमी म्हणजे इथे बाळाच्या ओठांचा रंग कळत नाही, हे मात्र तिला या बाईने सांगितलं.

"मला एक वर्ष द्या," ती म्हणाली. "उजेडात तांबडा घालून आणते."

"आन की. मी कुटं पळून चाललेय?"

वर्षभर मेधाने तांबड्या पुडीचा पिच्छा पुरवला. कॅल्शियम आणि गंधक यांच्या संयुगात युरोपियम नावाच्या धातूचा अगदी थोडा अंश घातला की झकास तांबडा उजेड मिळतो. अडचण एकच, ही जात पाण्याला भिते. म्हणून तिने प्रत्येक कणावर काचेसारखा पातळ थर चढवला आणि ती पूड दिव्याच्या टोपणाच्या आतून लावली. तापत्या भट्टीत हजार तास ठेवूनही उजेड फारसा घटला नाही. २००६ च्या जूनमध्ये नवे चार दिवे माल्याला गेले. त्या उजेडात आक्काबाईंनी आधी स्वतःचा तळहात उलटसुलट करून बघितला आणि म्हणाल्या, "आता मानसाचा रंग मानसासारखा दिसाय लागला."

सप्टेंबरपर्यंत चारपैकी तीन दिव्यांचा उजेड पुन्हा निळसर झाला होता.

"चुलीचा धूर," चंद्रकांत सर म्हणाले. "स्वयंपाकघरात लावू नका म्हणून सांगितलं होतं ना आपण?" मेधालाही ते पटलं, कारण पटवून घेणं सोपं होतं. तरी ती विचारायला म्हणून गेली.

आक्काबाई चांगल्याच संतापल्या. "चुलीपाशी? मी दिवा चुलीपाशी न्हेलाच न्हाई कदी. काम झालं की ह्या पेटीत ठेवते, लुगड्यात गुंडाळून. माझ्या कामाची वस्तू हाय ती!" त्यांनी पत्र्याची पेटी पुढे ओढली आणि झाकण उघडलं. "उलट तुमच्या दिव्यानं माझं नुसकान केलं. हे बगा."

त्यांच्या हातात लहान बाळाचे चांदीचे वाळे होते. पुढेमागे नातवंड होईल म्हणून जपून ठेवलेले. ते काळेकुट्ट पडले होते.

"आखाडात राखेनं घासून ठेवलं हुतं. इतक्या वर्सांत असं कदी झालं न्हाई. आन पेटीला वास कसला मारतोय बगा, सडक्या अंड्यावानी."

मेधाने पेटीत नाक घातलं. तो वास कुठल्याही रसायनवाल्याला झोपेतही ओळखता आला असता.

"आक्का," ती हळूच म्हणाली, "हा धूर नाही. ही माझी पूड आहे. तिला ओल लागली की तिच्यातल्या गंधकाचा वायू होतो. वाळे त्यानेच काळे पडलेत. म्हणजे वरचा थर कुठेतरी तडकतोय."

"मग तुमच्या त्या भट्टीत कळलं न्हाई व्हय ते?"

"भट्टी कोरडी असते, आक्का."

"आन आमी वलं!" आक्काबाई खळखळून हसल्या. मग मेधाचा चेहरा बघून हसू आवरतं घेतलं. "चहा टाकते. बस. तोंड बग कसं झालंय पोरीचं."

तुमीवरून त्या तूवर कधी आल्या, हे दोघींच्याही ध्यानात आलं नाही.

परतीच्या वाटेवर मेधाला वाटलं होतं की रडू येईल. एक वर्षाचं काम त्या पेटीत विरघळून गेलं होतं. पण रडू आलं नाही. उलट पौडच्या बाजारातून जीप हळूहळू निघाली, तेव्हा तिला जाणवलं की डोक्यावरचं काहीतरी उतरलंय. कुणीतरी तिला खरं सांगितलं होतं. एरवी हे कळायला किती वर्षं गेली असती, आणि किती दिवे घरोघर पोचले असते?

चंद्रकांत सरांना शब्दांनी पटवायच्या भानगडीत ती पडली नाही. तिने एका बरणीत चमचाभर पूड, वाटीभर पाणी आणि चांदीची तार ठेवली, पाण्याचा थेंबही पुडीला लागणार नाही अशी. दुसरी बरणी तशीच, पण बिनपाण्याची. चौथ्या दिवशी दोन्ही बरण्या सरांच्या टेबलावर आणून ठेवल्या. कोरड्या बरणीतली तार लखलखीत, पाण्याच्या बरणीतली कोळशासारखी.

सरांनी काळी तार उचलून उजेडात धरली. "आपण दिव्याला उन्हाळा दाखवला," ते म्हणाले, "पावसाळा दाखवलाच नाही. आणि खापर फोडलं त्या बाईंच्या चुलीवर." मग चष्मा काढून म्हणाले, "त्यांना माझा नमस्कार सांग. आणि गंधकाला रामराम कर."

त्यापुढची पावणेदोन वर्षं कठीण गेली. गंधक सोडलं, तर तांबड्यासाठी उरली ती नायट्रोजनने घट्ट बांधलेली संयुगं. परदेशात त्यांच्यावर काम सुरू झालं होतं. दगडासारखी टणक, ओलीला दाद न देणारी. पण बनवायला कर्मकठीण. सोळाशे अंशांची भट्टी, आणि आत हवेचा कणही जाता कामा नये. पहिला घाणा राखाडी निघाला, दुसरा काळा. विसावा घाणा निळ्या दिव्याखाली धरला तर पेटलाच नाही. दर वेळी मेधा नोंदवहीत कारण लिहायची आणि नव्याने मिश्रण घोटायला बसायची. त्रेचाळिसाव्या घाण्याला भट्टीतून केशरी-तांबडी पूड निघाली. निळा दिवा धरताच जास्वंदीसारखी फुलली.

तोवर प्रयोगशाळेत एक रीतच पडून गेली होती. कुठलाही नमुना भट्टीत, बरणीत, यंत्रात कितीही चांगला ठरो, सर विचारायचे, "माल्याला जाऊन आला का?" एक अख्खा पावसाळा आक्काबाईंच्या आतल्या खोलीत काढल्याशिवाय नमुना पास व्हायचा नाही. नवीन पुडीचा दिवा २००८ चा पावसाळा तिथे राहिला आणि जसा गेला तसा उजळत राहिला.

२००९ च्या जुलैत जयवंत चार दिवस कामावर आला नाही. पाचव्या दिवशी आला तो पेढ्यांचा पुडा घेऊन. "मुलगी झाली, मॅडम. पायल बरी हाय. आईनं बोलावलंय तुमाला."

मेधा त्याच दिवशी गेली. जयवंतची बायको पायल भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर दुपट्यात गुंडाळलेली मुलगी. सांगितलं ते आक्काबाईंनी.

"दवाखान्यातच न्ह्यायचं ठरलं हुतं. पर कळा आल्या ठरल्या दिसाच्या आदीच, आन रस्त्यावर झाड आडवं. दवाखान्याची गाडी पलीकडं अडकली. वीज न्हाई. भर दुपारी आत डोळ्यात बोट घातलं तरी दिसंना. मी दिवा लावला. पोर आली आन रडलीच न्हाई. व्हट बगितलं, निळं. तुझा पयला दिवा असता ना, तर मी म्हनले असते, उजेडच तसला हाय. दारापतुर न्हेऊन बगत बसले असते. पर ह्यो दिवा खोटं बोलत न्हाई, हे मला ठावं. म्हनून हात थांबला न्हाई माझा. तोंड साफ केलं, पाठ चोळली, तरी न्हाई. मग शिकवलेलं तसं तोंडावर तोंड धरून हळू वारा घातला. एक, दोन, तीन. आन मग आदी जीब लाल झाली बग. मग व्हट. मग गाल. अशी चढत गेली लाली, डोळ्यादेकत. मग जे रडली!"

गाडी तासाभराने आली. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मुलीला तपासलं आणि आक्काबाईंचे हात हातात घेतले, असं पायल म्हणाली.

"घ्या ना तिला," पायलने मुलगी पुढे केली.

मेधाने ती घेतली. कोमट, मऊ, मुठी आवळून झोपलेली. तिला वाटलं होतं की आक्काबाईंना धन्यवाद द्यावेत, नीट शब्दांत, इतक्या वर्षांचे. तोंडातून आलं ते एवढंच, "आक्का, तुम्ही पहिला दिवा परत पाठवला नसता तर..."

"तर काय? तू दुसरा बनवला नसतास तर?" आक्काबाईंनी पदराने मेधाचे डोळे पुसले, जरा जोरातच. "हिशेब नगं घालूस. रड हवं तर."

त्या पुडीवरचा शोधनिबंध २०१० च्या सुरुवातीला छापून आला. मेधाने आभाराच्या परिच्छेदात शेवटी एक वाक्य लिहिलं होतं: दिव्यांमधल्या बिघाडाचं मूळ दाखवून दिल्याबद्दल आणि चाचण्यांसाठी माले येथील सुईण श्रीमती आक्काबाई ओव्हाळ यांचे ऋण. चंद्रकांत सरांनी मसुदा वाचताना तिथे पेन टेकवलं, तेव्हा तिला वाटलं, आता खोडणार. त्यांनी बाण काढून ते वाक्य सगळ्यात वर नेलं. "शेवटी का म्हणून?" एवढंच म्हणाले.

छापील प्रत घेऊन ती माल्याला गेली. आक्काबाईंनी कागद उलटसुलट पाहिला. पायलने इंग्रजी अक्षरांवर बोट ठेवून नाव वाचून दाखवलं.

"ह्ये कोन वाचनार?"

"जपानमधली, जर्मनीतली माणसं. जी असे दिवे बनवतात ती."

"त्यास्नी माले कुटं ठावं?"

"आता कळेल."

घडी घालून आक्काबाईंनी कागद तसबिरीच्या चौकटीमागे खोचला आणि वळल्या.

"बरं केलंस नाव घातलंस ते. आता एक सांगू? त्या दिव्याचं बटन लई बारीक हाय. हात वलं असलं की गवसतच न्हाई. बाळंतपनात हात वलंच असत्यात."

मेधाने पिशवीतून वही काढली. "केवढं हवं, आक्का?"

आक्काबाईंनी अंगठ्याचं टोक पुढे केलं आणि मेधा ते वहीवर ठेवून भोवती पेन्सिल फिरवू लागली.