दारावरची पट्टी

मी एका जुन्या मोटारीची पट्टी आहे. मित्रांनो, गाडीच्या दारावर आडवी चकचकीत रेघ दिसते ना, तीच मी. गाडी चालायला माझा काडीचाही उपयोग नाही. नुसती शोभेची, असं लोक म्हणत आणि मलाही ते खरं वाटे.

लष्करात ड्रायव्हर असलेल्या आकाराम आबांनी ही गाडी जुनीच घेतली, पण जिवापाड जपली. कवठे महांकाळच्या धुळीत ते रोज आधी मला पुसत. पुढे त्यांचे डोळे गेले. तरी माझ्यावरून बोटं सरकवत ते दाराची मूठ शोधायचे आणि आत जाऊन बसायचे. मुलगा कृष्णात गाडी विकू म्हणाला, तेव्हा आबा दोन दिवस जेवले नाहीत. अखेर त्यानं शब्द दिला, "न्हाई इकत. उलट नवी करून देतो."

चौऱ्याहत्तर साली गाडी माधवनगरला हरिबा मेस्त्रींकडे आली. त्यांनी मला उतरवून पॉलिश केलं आणि गाडीला नवा रंग दिला. कच्च्या रंगावर पट्टी लावली की रंग निघतो, म्हणून थांबवून ठेवलं. रंग वाळला तो नेमका खंडेनवमीला. त्या दिवशी सगळी हत्यारं हळदकुंकू लावून पूजेला मांडलेली.

दरवर्षी गाडीला कुंकू आबाच लावत. कृष्णात त्यांना घेऊन आला.

"आवं मेस्त्री, पट्टी ऱ्हायली की!"

"आज पाना उचलायचा न्हाई गड्या. उद्या शिलंगणाला पैली हीच लावतो."

दोन नटांचं काम होतं हो! आबांचा हात दारावरून फिरला, थांबला, पुन्हा फिरला. आत गादी नवी होती, इंजिनाचा आवाजही दुरुस्तीनं बदललेला.

"किस्ना, ही आपली गाडी न्हाई."

"हीच हाय, आबा. पट्टी उतरवलीया, ही बघा." त्यानं मला त्यांच्या हातात दिलं.

टोकाची जुनी खाच चाचपून आबांनी मला लगेच ओळखलं.

"गाडी इकलीस, आन् पट्टी तेवढी ठिवलीस व्हय रं माझ्यासाठी?"

कृष्णातनं शपथा घेतल्या, मेस्त्रींनीही सांगून पाहिलं. आबांनी कुंकू लावलं नाही. मला मांडीवर घेऊन ते एस.टी.नं घरी परतले. दसऱ्याच्या सकाळी ते उठलेच नाहीत. मी त्यांच्या उशाशी होते.

तेराव्यानंतर मेस्त्री स्वतः गाडी घेऊन आले आणि दारात बसून त्यांनी मला लावलं. नट आवळून झाले तरी पाना हातातच होता.

"देवी काय रागावली नसती रं," ते हळूच म्हणाले.

आता मी जागेवर घट्ट आहे. कृष्णात कधीकधी डोळे मिटतो, माझ्यावरून बोटं सरकवत मुठीपर्यंत जातो आणि दार न उघडताच माघारी फिरतो. मित्रांनो, म्हाताऱ्या माणसाच्या ओळखीची वस्तू क्षुल्लक समजू नका. ती हलवलीत, तर त्याचा हात तिथं पोचायच्या आत जागेवर ठेवा. दोन नटांचं काम उद्यावर टाकू नका.