मालक ओरडले नाहीत

सोफ्यांच्या त्या कारखान्यात कामावरून काढून टाकणं ही काही मोठी गोष्ट नव्हती. कापड वाकडं कापलं गेलं, स्प्रिंग कुरकुरली, कुणी डिंकाचा डबा सांडला, की मालकांचा पारा चढायचा. "चालता हो! उद्यापासून थोबाड दाखवू नकोस!" असे ते गरजले की वरचे पत्रेसुद्धा दचकायचे. ज्याला काढलं तो मान खाली घालून निघून जायचा आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी येऊन कामाला लागलेला असायचा. मालक त्याच्या शेजारून जाताना घसा खाकरायचे. विषय संपला. फोम कापणाऱ्याला तर एकदा सकाळी काढलं आणि दुपारी पुन्हा काढलं. मधल्या वेळात त्याला परत कधी घेतलं होतं, हे त्या दोघांनाही सांगता येत नसे.

कटिंग मास्तरचं मात्र भलतंच झालं. तो टेबलावर कापड पसरून खडूने खुणा करत होता. मालक आले, कापडाच्या कडेवर हात ठेवून जरा वेळ उभे राहिले आणि हळू आवाजात म्हणाले, "मास्तर, उद्यापासून येऊ नकोस." बस्स, एवढंच. आणि केबिनमध्ये गेले. मास्तरने सगळ्या खुणा पुन्हा मोजून पाहिल्या. एकही चुकलेली नव्हती. चूक सापडली असती तर बिचाऱ्याला केवढा धीर आला असता!

"ओरडले का?" घरी बायकोने विचारलं.

"नाही ना! तीच तर पंचाईत आहे."

"तब्येतीसाठी म्हणाले असतील. मागे तुमची पाठ धरली होती ना?"

"मग पाठ म्हणाले असते."

"अहो, मग जाऊन विचारा की!"

"काय विचारू? मालक, मला खरंच काढलंत का? आणि हो म्हणाले तर?"

दुसऱ्या दिवशी त्याने डबा घेतला, चपला घातल्या आणि दारातच घुटमळला. मालकांनी शिव्या घातल्या असत्या तर एव्हाना तो टेबलाशी पोचला असता. शिव्यांवर त्याचा विश्वास होता. या हळू आवाजाचं काय करायचं, ते त्याला कुणी शिकवलं नव्हतं. त्याने चपला काढल्या. त्याच्या पुढच्या दिवशीही काढल्या. कारखान्यातून कुणाचा निरोप आला नाही, आणि रागावलेल्या मेहुण्याने त्याला धरून वकीलबाईंकडे नेलं.

वकीलबाई हुशार होत्या. "काढायचं तर कारण द्यावं लागतं," त्या म्हणाल्या, "तुमचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं, आधी नोटीस द्यावी लागते. यातलं काहीच झालेलं नाही. केस चांगली आहे. आता सांगा, तुम्हाला काय हवंय? नोकरी परत की भरपाई?"

"मला आधी काढलंय की नाही, ते कळायला हवंय."

बाईंनी चष्मा काढला. "तुम्हाला काढलंय म्हणून तर तुम्ही इथे आलात ना?"

"तसंच असेल," मास्तर म्हणाला. बाईंना वाईट वाटू नये, एवढीच त्याची इच्छा होती. मग म्हणाला, "माझं टेबल मला परत हवंय, बाई. बाकी तुम्ही बघा."

कामगार कोर्टात मालक नवा शर्ट घालून आले होते. ते ठामपणे म्हणाले, "मी याला काढलेलं नाही. हाच यायचा बंद झाला."

साक्षीला फोम कापणारा. न्यायाधीशांनी विचारलं, "मालकांनी यांना काढल्याचं तुम्ही ऐकलंत?"

"ऐकलं, साहेब. पण हळू म्हणाले होते."

"हळू म्हणाले म्हणजे काय? आवाजाचा काय संबंध?"

"साहेब, मोठ्याने तर मला परवाच काढलंय."

"मग सध्या तुम्ही कुठे काम करता?"

"तिथेच की!"

न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. वकीलबाई खिडकीबाहेर बघू लागल्या. अखेर न्यायाधीश मालकांकडे वळून म्हणाले, "तुम्ही काढलेलंच नाही ना? मग उद्यापासून यांना कामावर घ्या. मधला पगार द्या." मालकांनी मान डोलावली. दुसरं करणार काय! ज्याला काढलंच नाही म्हणून शपथेवर सांगितलं, त्याला कामावर घ्यायला नाही कसं म्हणायचं?

मेहुण्याने मास्तरला कडकडून मिठी मारली. मास्तरही हसला, पण नक्की कशासाठी, ते त्याला उमगलं नव्हतं. काढलं नव्हतं, तर आपण उगाच घरी बसलो. काढलं होतं, तर मालक खोटं बोलले. यातलं कुठलं बरं, हे त्याने वाटेत किती वेळा घोळवलं, तरी उत्तर येईना.

टेबल मिळालं. कात्रीही तीच. मालक रोज यायचे, "नमस्कार, मास्तर. काही हवं असेल तर सांगा," म्हणून पुढे जायचे. इतरांवर ते अजूनही तोंड टाकत. फोमवाला तर पुन्हा एकदा निघून गेला आणि पुन्हा आला. मास्तरला मात्र 'तुम्ही' आणि 'कृपया'. खडू संपला तर नवा डबा हजर. मास्तरला टेबलाशी उभं राहून पाहुण्यासारखं अवघडायला होऊ लागलं. शेवटी त्याला राहवलं नाही.

मोठ्या सोफ्याची मखमल आली होती. मखमलीवर एका दिशेने हात फिरवला की ती मऊ लागते आणि उलट फिरवला की अडते. सगळे तुकडे एकाच दिशेने कापावे लागतात, नाहीतर सोफा दोन रंगांचा दिसतो. शिकाऊ माणूसही ही चूक करत नाही. मास्तरने पाठीचे तुकडे सरळ कापले आणि बैठकीचे उलटे. समजून उमजून. सोफा उभा राहिला, अर्धा गडद, अर्धा फिका.

मालक आले. त्यांनी बैठकीवर हात फिरवला. कान लाल झाले, गळ्याची शीर फुगली. सगळ्यांच्या हातोड्या थांबल्या. मास्तरचा जीव सुपाएवढा झाला. आता ओरडतील, आता!

"असू द्या," मालक म्हणाले. "होतं कधीकधी."

"अहो, महागाचं कापड नासवलंय मी!" मास्तरच ओरडला. "काहीतरी बोला की मला!"

मालकांनी त्या दुरंगी सोफ्यावरून हात उचलला. "कोर्टाने कामावर घ्या म्हटलं, घेतलं," ते म्हणाले. त्यांचा आवाज फाटला होता. "तुमच्याशी आता बोलायचं कसं, ते मला कुणी सांगितलेलं नाही, मास्तर."

ते केबिनमध्ये गेले. मास्तर त्या सोफ्यावर बसला आणि त्याला रडू कोसळलं. फोमवाला पाण्याचा ग्लास घेऊन शेजारी उभा राहिला. खटला जिंकलेला माणूस असा का रडतो, ते त्याला काही केल्या कळेना.